खुर्चीवरची टाकी

पिंपळझरीच्या दूध संस्थेचं नाव 'जलधारा' ठेवलं तेव्हा गावाला पाणी होतं, म्हणून त्या नावात कुणाला काही खटकलं नाही. पुढे तळं आटलं, विहिरी आटल्या, बोअर नुसता फुफाटा ओकायला लागले, तरी पाटीवरची जलधारा तशीच वाहत राहिली. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शिरूर कासारच्या या पट्ट्यात दोनच गोष्टी मुबलक होत्या. एक ऊन, आणि दुसरी आबासाहेबांची भाषणं.

आबासाहेब संस्थेचे चेअरमन. सत्यभामा व्हाईस चेअरमन. महिलांच्या राखीव जागेवरून तिला संचालक मंडळात घेतलं तेव्हा आबासाहेबांचा अंदाज असा, की मेंढरं वळणाऱ्या घरातली बाई, मीटिंगला येईल, चहा पिईल आणि अंगठा देऊन जाईल. सत्यभामा आली, चहा प्याली, आणि म्हणाली, "कागद हिकडं द्या. वाचल्याबिगर सही करायची सवय न्हाई मला." त्या दिवसापासून आबासाहेब मीटिंगला चहा मागवायचे बंद झाले. चहाचा काही उपयोग नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

गावची निम्मी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला गेली होती. राहिलेल्यांनी जनावरं माळावरच्या चारा छावणीत नेली होती आणि माणसंही तिथंच जनावरांशेजारी राहत होती. छावणीचं दूध सकाळ-संध्याकाळ संस्थेत यायचं आणि तिथून कॅनमधून शीतकेंद्राला जायचं. कॅन धुवायला गरम पाणी लागतं. गार पाण्यानं धुतला की कडेला साय धरून राहते, ती आंबते, आणि पुढचं सगळं दूध नासवते. हे काम केशरबाईचं. ती पहाटे उठून येड्या बाभळी तोडायची, काट्यांनी हात सोलून घ्यायची आणि तांब्याचा जुना बंब पेटवायची. धुरानं तिचे डोळे कायम असे लाल, की नवीन माणसाला वाटावं बाई नुकतीच कुणाला तरी रडून आली.

अशात संस्थेला सरकारी योजनेतून उन्हावर पाणी तापवायचं यंत्र मंजूर झालं. ते बसवायला सुग्रीव नावाचा इंजिनिअर आला. उमापूरच्या बौद्ध वस्तीतला, बाप झेडपीत मास्तर, स्वतः पॉलिटेक्निक झालेला, नवीन लग्नाचा आणि स्वभावानं जरा भिडस्त. त्यानं आल्या आल्या इमारतीला चक्कर मारली. पुढं चेअरमनची केबिन, तिच्यावर स्लॅब. मागं दूध घ्यायची खोली, तिच्यावर पत्रे.

"पॅनेल स्लॅबवर, दक्षिणेकडं तोंड करून," तो म्हणाला. "आन् त्याच्या मागं, पॅनेलच्यापेक्षा उंच लोखंडी घोड्यावर, म्हंजे स्टँडवर, टाकी."

"टाकी उंच कावून?" सत्यभामानं विचारलं.

"काकू, पाणी तापलं की हलकं होतं, वर चढतं. गार पाणी जड, ते खाली उतरतं. टाकी वर असली की पॅनेलमधलं तापलेलं पाणी आपोआप टाकीत चढतं आन् टाकीतलं गार पाणी खाली पॅनेलमधी येतं. दिवसभर आपलं फिरत राहतं. मोटार नको, लाईट नको."

"आन् आभाळ आलं तर?"

"टाकीत कॉइल हाय की. लाईटवर तापवायची. ऊन आन् लाईट, दोन्हीवर चालतंय म्हणून त्याला हायब्रीड म्हणतेत."

सत्यभामाला हे लगेच पटलं. चुलीवर आधण ठेवलं की तळचं पाणी वर उसळतं हे तिनं जन्मभर बघितलं होतं. फक्त त्याच्यासाठी पॉलिटेक्निक करावं लागतं हे तिला माहीत नव्हतं.

पटलं नाही ते बद्रीनाथ गुरुजींना.

बद्रीनाथ गुरुजी मूळचा पाणाड्या. तळहातावर नारळ धरून शेतात हिंडायचा आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर मार म्हणायचा. त्याच्या सांगण्यावरून मारलेल्या बोअरांतून आजवर ओली मातीसुद्धा निघाली नव्हती. लोक मारायला उठले तेव्हा जमिनीखालचं सोडून त्यानं जमिनीवरचं बघायला सुरुवात केली आणि वास्तुतज्ज्ञ झाला. आबासाहेबांचा त्याच्यावर लई विश्वास. संस्थेची निवडणूक दिवाळीनंतर होती.

गुरुजीनं केबिनच्या मधोमध उभं राहून छताकडं बघितलं आणि डोळे मिटले.

"पॅनेल चालंल. ते अग्नितत्त्व. पण टाकी म्हंजे जलतत्त्व. खुर्चीच्या बरोबर डोक्यावर येवढं पाणी! आबासाहेब, खुर्ची वाहून जाईल."

"गावात घागरभर पाणी न्हाई," सत्यभामा म्हणाली, "आन् ह्यांची खुर्ची वाहून जाणार!"

आबासाहेबांनी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. "ए इंजिनेर, टाकी खाली ठेव. भिंतीच्या मागं, जमिनीवर."

"साहेब, टाकी खाली गेली तर पाणी आपोआप फिरणार न्हाई. गरम पाणी खाली कसं येईल? मग मोटार बसवावी लागती. आन् लाईट गेली की—"

"मग बसव मोटार. मोटारी काय कमी हायेत का तालुक्यात? विहिरी कोरड्या पडल्यात, मोटारी रिकाम्याच हायेत."

सुग्रीवनं सत्यभामाकडं बघितलं. तिनं मान हलवून नको नको केलं. पण काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही चेअरमनची लागणार होती. "साहेब म्हणतील तसं," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्यानं बुटाकडं बघितलं.

टाकी खाली बसली. मोटार बसली. आणि आता जुनं धूड कशाला म्हणून आबासाहेबांनी केशरबाईचा तांब्याचा बंब भंगारवाल्याला देऊन टाकला. भंगारवाल्यानं तो हातगाडीवर घातला तेव्हा केशरबाई बराच वेळ रस्त्याला उभी होती. धुरानं जिनं आयुष्यभर डोळे चोळले, तिला त्या बंबाचं वाईट वाटलं हे बघून सत्यभामाला नवल वाटलं, आणि थोडा रागही आला.

उद्घाटनाला तालुका दूध संघाचे संचालक शहादेवराव यायचे होते. मंडप घातला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून शहादेवराव आले. त्यांनी टाकीची तोटी सोडायची, गरम पाणी हातावर घ्यायचं, फोटो काढायचा, असा बेत. पण सकाळपासून लाईट नव्हती. आबासाहेब म्हणाले, "येईल. तंवर मी दोन शब्द बोलतो."

आबासाहेबांचे दोन शब्द म्हणजे सहकाराचा उदय, त्याचा विकास, त्यातलं त्यांचं स्वतःचं योगदान आणि विरोधकांची लायकी. ऊन भाजून काढत होतं. वर स्लॅबवर पॅनेल त्याच उन्हात पडले होते. मोटार बंद, म्हणजे आतलं पाणी जागच्या जागी. ते तापत होतं, तापत होतं, आणि टाकीत जायला त्याला वाट नव्हती. सुग्रीव मंडपाच्या कडेला उभा राहून वर बघत होता आणि कपाळ पुसत होता.

"काय झालं रे बाबा?" सत्यभामानं हळूच विचारलं.

"काकू, वर उकळी फुटली असंल. आता लाईट येऊ ने म्हंजे झालं."

आणि लाईट आली.

मंडपातले पंखे फिरले तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांना वाटलं टाळ्या आपल्यासाठी, त्यांनी हात जोडले. मोटार आपोआप सुरू झाली, खालचं गार पाणी वर उकळत्या पॅनेलमध्ये घुसलं, आणि पाइपांत कुणी घण घालतंय असा आवाज झाला. हवा जायला स्लॅबवर जो उभा पाइप ठेवला होता त्यातून आधी वाफेचा लोट निघाला आणि मग पाण्याचं कारंजं. कारंजं मंडपाच्या कापडावर पडलं, कापडाला पोट आलं, आणि ते पोट बरोबर शहादेवरावांच्या डोक्यावर फुटलं.

नशीब, खाली पोचेपर्यंत पाणी कोमट झालं होतं. शहादेवरावांना भाजलं नाही. इस्त्री तेवढी गेली.

दुसऱ्या एखाद्या गावात लोक पळाले असते. पिंपळझरीचे लोक उलट पाण्याकडं पळाले. बायका घरून घागरी घेऊन आल्या, कुणी मंडपाखाली परात धरली, एका म्हाताऱ्यानं धोतराचा सोगा वर करून पाय धुवून घेतले. टँकर आठवड्यात एखाद्या वेळी यायचा. फुकट पाणी, तेही गरम, असं पुन्हा कधी मिळणार? शहादेवराव निथळत उभे, आणि त्यांच्या पायाशी कुणीतरी बादली सरकवून ठेवली होती, त्यांच्या अंगावरून गळणारंही वाया जाऊ नये म्हणून.

"गरम पाणी येतंय हे तर शाबीत झालं," सत्यभामा मोठ्यानं म्हणाली. छावणीतल्या बायका एवढ्या हसल्या, की आबासाहेबांनी आठवडाभर तिच्याशी बोलणं सोडलं.

पण हसण्याचा भाग तेवढाच. त्या दणक्यात मोटार जळाली होती. नवीन मोटार आणली, तरी दिवसा ऊन असायचं तेव्हा लाईट नसायची आणि रात्री लाईट यायची तेव्हा ऊन नसायचं. रात्रीची कॉइल लावावी तर दाब एवढा कमी, की बल्बची नुसती तार दिसायची. पाणी सकाळी हाताला लागायचं ते नव्या नवरीनं दिलेल्या चहासारखं, ना गरम ना गार. बंब गेला होता. केशरबाई पातेल्यात पाणी तापवायची, पण एवढ्या कॅनला पातेलं कुठं पुरणार?

एक दिवस शीतकेंद्रावरून सगळंच्या सगळं दूध परत आलं. फाटलं होतं.

छावणीतल्या बायका कॅनभोवती उभ्या राहिल्या. त्यातल्या सरूबाईनं तर म्हशीला चारा मिळावा म्हणून स्वतः दिवसभर रांगेत उभं राहून, उन्हात भोवळ येऊन पडून, तो चारा आणला होता. तिनं पुढं होऊन झाकण काढलं. कॅनमध्ये बोट घातलं, चाटलं, आणि पदरानं तोंड पुसलं. सत्यभामाला शिव्या चालल्या असत्या. शिव्यांना तिच्याकडं उत्तर होतं.

ती तशीच केबिनमध्ये गेली.

"आबासाहेब, टाकी वर चढवा."

"सत्यभामाबाई, एकदा सांगितलं ना. माझ्या डोक्यावर पाणी नको."

"मग तुमी डोकं हलवा. टाकीनं खुर्चीसाठी कावून जागा सोडायची?"

"माझ्यावर निवडणूक हाय!"

"आन् आमच्यावर दुष्काळ हाय."

आबासाहेबांनी फाईल उघडली आणि तिच्यात तोंड घातलं. बाहेर येताना सत्यभामाच्या मनात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते तिचं स्वतःचंच होतं. रागात म्हणून गेली होती, पण त्यात तथ्य होतं. टाकीला जागा एकच. खुर्ची कुठंही बसते.

पुढल्या आठवड्यात आबासाहेब शिष्टमंडळाबरोबर मुंबईला गेले. छावणीचा चारा वाढवून द्या म्हणून मंत्र्याला निवेदन द्यायचं होतं. चेअरमन गावात नसले की कारभार व्हाईस चेअरमनकडं. हे नियमात लिहिलेलं होतं, आणि सत्यभामानं नियम वाचलेले होते. जीप वळणाआड गेली न गेली तोच तिनं सुग्रीवला फोन लावला.

"काकू, माझी नोकरी जाईल," सुग्रीव म्हणाला.

"त्या दिवशी बुटाकडं बघत हो म्हणाला होतास. आता वर बघून हो म्हण. सही मी करते."

मग सुग्रीव म्हणाला, "जय भीम काकू. उद्या येतो."

टाकी चढवायला क्रेन कुठून आणायची? गावातल्या धुळाजीची यारी होती. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड-माती वर ओढायचं इंजिनाचं यंत्र. विहिरी खोदून पाणी लागेना, म्हणून ती त्याच्या दारात गंज खात पडली होती आणि तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. धुळाजीनं कोंबड्या हुसकल्या आणि यारी घेऊन आला. छावणीतले गडी आले, दोर आले, आणि 'जोर लावा बे!' करीत टाकी हवेत लोंबकळली. ती वर जाताना अशी गिरकी घेत होती, की खाली उभा असलेला प्रत्येकजण दुसऱ्याला 'बाजूला हो' म्हणत होता आणि स्वतः मात्र हलत नव्हता. शेवटी टाकी पॅनेलच्या मागं उंच लोखंडी घोड्यावर बसली. मोटार काढून टाकली. पाइप जोडले. पाणी भरलं.

आणि काही झालं नाही.

ऊन डोक्यावर आलं. सुग्रीव पॅनेलच्या वरच्या पाइपला हात लावायचा आणि चटका बसून मागं घ्यायचा. टाकीपाशी जाऊन हात लावायचा, तर गार. पाणी खाली तापत होतं, पण वर चढत नव्हतं. आता खाली उभी माणसं एकेक करून सावलीला सरकायला लागली. "आपोआप फिरणार व्हतं ना?" धुळाजीनं विचारलं. सत्यभामाला पुढचं सगळं दिसायला लागलं. आबासाहेब परत येतील, वर टाकी बघतील, आणि टाकीत गार पाणी असेल. मग तिला गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

"काय रे," ती स्लॅबवर चढून म्हणाली, "तुझं पाणी काय मुहूर्त बघतंय का?"

सुग्रीव पाइपाशेजारी पोटावर आडवा झाला आणि एक डोळा मिटून पाइपाच्या कडेनं बघत राहिला. मग ताडकन उठला.

"चूक माझी हाय. घाईत पाइप बघा कसा गेलाय. मधीच वर आलाय, मग खाली गेलाय, मग परत वर. ह्या कमानीत हवा कोंडलीय. पाणी तिला ढकलून जाऊ शकत न्हाई. पाइप टाकीपर्यंत नुसता चढता पायजे, कुठंबी उतार नको."

कमानीच्या पुढचा पाइप विटा लावून उचलला, कमान मोडली. आत हवा गुडगुडली आणि पोटभर जेवलेल्या माणसानं द्यावी तशी ढेकर देऊन निघून गेली. सगळे पाइपाला हात लावून उभे राहिले. हळूहळू ऊब पुढं सरकायला लागली, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडं, आणि टाकीपाशी हात लावून उभी असलेली केशरबाई किंचाळली, "अगं बाई! आलं की!"

कुठं मोटार नव्हती, आवाज नव्हता, कुणी ढकलत नव्हतं. सत्यभामा पाइपावर हात ठेवून तशीच उभी राहिली. एवढ्या वर्षांत संस्थेतलं काहीएक काम कुणी ढकलल्याशिवाय झालेलं तिनं बघितलं नव्हतं.

मग ती खाली उतरली. केबिनमधली खुर्ची, टेबल, 'चेअरमन' लिहिलेली लाकडी पाटी आणि आबासाहेबांचे सत्काराचे सगळे फोटो तिनं बाहेर ओसरीवर मांडले. तिथं छत पत्र्याचं. वर पाणी नाही, फक्त चिमण्या.

आबासाहेब परतले ते मंत्र्याची भेट न झाल्यानं आधीच तापलेले. जीपमधून उतरताच त्यांनी वर टाकी बघितली, मग ओसरीवर खुर्ची बघितली.

"हे काय? मला बाहेर काढलं?"

"काढलं कुठं," सत्यभामा म्हणाली, "खुर्ची वाचवली तुमची. पाणी आता रिकाम्या खोलीच्या डोक्यावर हाय. बद्रीनाथ गुरुजीला विचारा."

गुरुजी आला. त्यानं ओसरीवर उभं राहून डोळे मिटले, उघडले, आणि समोर उभ्या छावणीतल्या बायकांकडं बघितलं. त्यातल्या दोघी-तिघींच्या शेतात त्यानं कोरडे बोअर मारायला लावले होते. "उत्तम," तो घाईघाईनं म्हणाला. "पूर्वेचं तोंड हाय. लई उत्तम."

आबासाहेबांनी खुर्चीवर बसून बघितलं. रस्ता समोरच. जाणारा-येणारा प्रत्येकजण हात करत होता, 'राम राम आबासाहेब' म्हणत होता. त्यांचा राग संध्याकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवसापासून अडचण सुरू झाली. बंद केबिनमध्ये बसलेल्या माणसाला भेटायला दार वाजवावं लागतं. ओसरीवरच्या माणसाला कोणीही गाठतं. टँकर का आला नाही, चारा ओला का, छावणीत राहायला पाल का मिळालं नाही, जो तो येऊन पायरीवर बसायचा. आबासाहेब टाळाटाळ करून थकले आणि नाइलाजानं फोन करायला लागले. तहसीलमध्ये त्यांच्या फोनला लोक कंटाळले आणि टँकर वेळेवर यायला लागला. ह्याचं श्रेय घ्यायला ते विसरले नाहीत.

दूध परत यायचं थांबलं. पाणी दुपारपर्यंत असं तापायचं, की केशरबाईला त्यात गार मिसळावं लागायचं, आणि टाकीला जाड अस्तर असल्यामुळं ते सकाळपर्यंत तसंच राहायचं. तिच्या डोळ्यांची लाली गेली. गावातल्या दोघांनी तिला ओळखलंच नाही. आभाळ आलं की रात्रीची कॉइल लावायची, आणि टाकीत उन्हाची थोडीफार ऊब आधीच असल्यामुळं अशक्त लाईटवरसुद्धा तेवढं काम भागायचं.

श्रावणात, पावसाचा अजून पत्ता नसताना, छावणीत सरूबाईची लेक बाळंत झाली. मुलगी झाली. पालात सरपण नव्हतं, पाणी तापवायला भांडं नव्हतं. सरूबाई बादली घेऊन संस्थेच्या पायरीशी आली आणि काही न मागता उभी राहिली.

आबासाहेब खुर्चीवरून उठले. "सत्यभामाबाई, हे पाणी कॅन धुवायला हाय. योजनेतलं हाय. उद्या तपासणीला कुणी आलं तर काय सांगायचं? बाळंतिणीला पाणी द्यायची आपल्या नियमात तरतूद न्हाई."

सत्यभामानं सरूबाईच्या हातातली बादली घेतली आणि तोटीखाली लावली.

"सांगायचं, एक लहान कॅन धुतला."

आबासाहेब विचारात पडले. मग इकडं तिकडं बघून म्हणाले, "आन् बाळाच्या आईसाठी?"

"तो मोठा कॅन."

"मग आणखी एक बादली भरा," आबासाहेब म्हणाले, आणि दुसरी बादली त्यांनी स्वतःच कोपऱ्यातून आणून दिली. सरूबाई दोन्ही हातांत बादल्या घेऊन, पाणी हिंदकळू नये म्हणून अगदी सावकाश, माळाच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या दोन्ही बाजूंनी वाफ निघत होती.